कान कुणाचा?

नाक आणि कान हा आम्हा नाशिककरांचा खानदानी विषय आहे. पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाककान कापले आणि त्या नासिकेवरून गावाचं नाव नाशिक पडलं, हे आमच्याकडे पोराला बाराखडीच्या आधी सांगतात. ज्या गावाचा आरंभच चेहऱ्यावरच्या शस्त्रक्रियेने झाला, तीही भूल न देता, त्या गावात कुणी कान दुरुस्त करायचं म्हटलं तर दचकायचं कारण नाही.

तरी मी दचकलो. रविवारची मिसळ चालली होती आणि भाचा म्हणाला, "मामा, कानाचं ऑपरेशन करून घेतोय. कान सरळ करायचेत."

आमचा भाचा पैलवान. त्याचे कान म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी लग्नानंतरच्या पहिल्या चतुर्थीला केलेले मोदक. कळ्या कुठे, पारी कुठे, पत्ता नाही. पट काढताना डोकं समोरच्याच्या मांडीवर घासतं, कान चेंगरतो आणि कातडी व कूर्चा यांच्यामध्ये रक्त साचतं. कूर्चेचं पोषण वरच्या आवरणातून होतं. ते सुटलं की कूर्चा मरते आणि तिथे गाठी धरतात. वेळीच रक्त काढून दाबपट्टी बांधली तर कान वाचतो. पण तालमीत कान वाचवायचा असतो कुणाला? मोडलेला कान म्हणजे लाल मातीची पदवी. ती लवकर मिळावी म्हणून काही पोरं मुद्दाम कान मोडून घेतात. आम्ही बी.कॉम.ला एवढी घाई केली नव्हती.

मी चमचा खाली ठेवून व्याख्यान दिलं. "अरे, तो कान तू कमावलायस! माणसानं जसं आहे तसं जगासमोर जावं. चेहरा बदलणं ही एक प्रकारची लबाडीच."

भाचा काही बोलला नाही. फक्त माझ्या मिशीकडे बघत राहिला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गळ्याभोवती जुनं वर्तमानपत्र गुंडाळून मी कलप लावतो. तो रविवार नेमका पहिला होता.

आक्षेप काढल्याशिवाय कागद पुढे सरकवायचा नाही, ही आमची बँकेतली शिस्त. म्हणून मी वाचन केलं. तर सुश्रुताने कानाची पाळी जोडण्याच्या 15 पद्धती सांगून ठेवलेल्या! पुढे 1794 साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये आपल्या पुण्याकडची हकीकत छापून आली. इंग्रजी फौजेतल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक टिपूच्या लोकांनी कापलं होतं, ते इकडच्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीतून नवं करून दिलं. "तुझं कापलेलं नाक हे इमानाचं पदक आहे, ते तसंच ठेव," असं काही त्या कारागिराने कावसजीला सांगितल्याची नोंद नाही.

पण आम्हीही कच्चे नाही. कावसजीचं नाक शत्रूने कापलं होतं. भाच्याचा कान त्याने आपखुशीने मोडू दिला होता. म्हणजे एक नुकसान, दुसरी कमाई. नुकसान भरून काढावं, कमाई का पुसावी? हा बिनतोड मुद्दा घेऊन मी संध्याकाळी गोल्फ क्लब मैदानावर भाच्याला गाठलं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग गुडघा चोळत म्हणाला, "मामा, हा गेला तेव्हापासून दोन वर्षं मी मातीत उतरलो नाही. पण दुकानात जावं, एस.टी.त बसावं, कान बघून माणूस विचारतोच, 'काय पैलवान, सध्या कुठल्या तालमीत?' मग गुडघ्याची कथा पहिल्यापासून सांगायची. त्याने 'अरेरे' म्हणायचं. दिवसातून चारदा. पदक कपाटात ठेवता येतं हो. कान नाही ठेवता येत."

माझा बिनतोड मुद्दा तिथेच तुटला. काउंटरवर येणाऱ्याजाणाऱ्याला "आमचा भाचा पैलवान, कान बघा त्याचे!" असं सांगणारा मीच होतो. ठेव त्याची आणि व्याज मात्र मी खात होतो. लोकांच्या खुणांवर आपला फार जीव असतो. दुखत नाहीत ना त्या आपल्याला! ठेवीदार रक्कम काढायला आला की "राहू द्या की" एवढं म्हणायची मुभा आम्हाला असते. त्याने पुन्हा मागितली की द्यावीच लागते.

डॉक्टरांनी आधी विचारलं, "पुन्हा कुस्ती खेळणार का? खेळलात तर कान पुन्हा तसेच होतील." भाचा "नाही" म्हणाला. एवढ्या मोठ्याने तो ते प्रथमच म्हणत होता. मी औषधांच्या चिठ्ठीत तोंड घातलं.

पट्ट्या सुटल्यावर आम्ही पानाच्या ठेल्यावर गेलो. नवा पानवाला म्हणाला, "काय देऊ साहेब?" साहेब! भाचा हसला. पण घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. मीही विचारलं नाही. हल्ली एवढं मला जमतं.

पुढच्या पहिल्या रविवारी कलपाची वाटी घेऊन मी आरशासमोर बराच वेळ बसलो. शेवटी लावला. खातं माझंच आहे म्हटलं, आणि शिल्लकही फार नाही.