पाहणारा

आमच्या वऱ्हाडात बर्फ ही मे महिन्यातली वस्तू. भुशात गुंडाळलेली लादी रसवंतीवाल्याकडे उतरायची आणि तिचा तुकडा मिळावा म्हणून आम्ही पोरे अकोल्याच्या उन्हात तासभर उभी राहायचो. थंडीत पाणी आपण होऊन गोठते, हे आम्ही भूगोलाच्या पुस्तकात वाचले आणि परीक्षेपुरते खरे मानले.

गेल्या पौषात मात्र मिनेसोटाहून पुतण्याच्या मुलाने मला फोनवर गोठलेले तळेच दाखवले. तिथे सकाळचे ११, इथे रात्रीचे साडेदहा. मी पांघरुणात, तो बर्फावर. तळ्यावर एक लहानशी खोपी, आत मिट्ट काळोख आणि पायांशी बर्फात कापलेले चौकोनी भोक. आत उजेड नसल्यामुळे ते पाणी खालून दिवा लावल्यासारखे हिरवे उजळले होते. पाणी ४ अंशांवर सर्वांत जड असते. त्याहून गार झाले की हलके होऊन वर येते आणि वरच गोठते. म्हणून तर झाकणाखाली मासे सुखरूप हिवाळा काढतात. पोराने एक लाकडी मासा दोरीला बांधून पाण्यात फिरवत ठेवला होता. त्याला भुलून पाइक नावाचा लांबट, दातेरी मासा येतो आणि तो आला की वरून भाला सोडायचा.

"आजोबा, तुम्हीपण बघत राहा. दिसला की सांगा."

या शेवटच्या तीन शब्दांनी मी एकदम १९५८ सालच्या मेळघाटात जाऊन पडलो.

वडील जंगलखात्यात होते. त्यांची बदली सेमाडोहला झाली आणि आमचे बिऱ्हाड अमरावती, परतवाडा करीत घाट चढून गेले. तिथली सिपना नदी पावसाळ्यात गढूळ. पण मार्गशीर्ष-पौषात तिचे डोह इतके निवळत की तळाचे गोटे मोजून घ्यावेत. सकाळी पाण्यावरून वाफ निघे आणि मी खडकावर पालथा पडून पाहत असे. एका कपारीशी हातभर लांबीचा मासा रोज त्याच जागी उभा असायचा. माशाचे अंग पाण्याइतकेच गार, त्यामुळे हिवाळ्यात त्याची भूक थोडी आणि हालचाल त्याहून थोडी. नुसते कल्ले हलत. आठ दिवस मी त्याला पाहिले. तोही मला ओळखतो अशी माझी खात्री होती. (त्या वयात सारे जगच आपल्याला ओळखत असते.)

नवव्या दिवशी एक कोरकू म्हातारा गरी घेऊन आला. "काय पाहून रायला रे बाबू?" मी मोठ्या अभिमानाने बोट दाखवले. त्याने वाकून पाहिले, आमिष नेमके कपारीच्या तोंडाशी सोडले आणि म्हणाला, "हालला का सांगजो." हालला तेव्हा मी सांगितले.

मासा खडकावर शेपटी आपटत होता. म्हाताऱ्याने कोयता काढला. "आधा तुया," तो म्हणाला, "तुया डोयानं धरला, माया हातानं काढला." मी घरी पळालो. तर तो पळसाच्या पानात माझा वाटा घेऊन मागोमाग दारात! आईने त्याच्या पदरात पायलीभर ज्वारी घातली आणि पान परत केले. "आमच्यात चालत नाही, बाबा." मी दाराआड उभा होतो. आमच्यात काय चालत नाही, ते मला नीट कळेना.

पुढे मनुस्मृती वाचली. मनूशी माझे इतर बाबतींत मुळीच जमत नाही. पण पाचव्या अध्यायात त्याने हत्येच्या वाटेकऱ्यांची यादी दिली आहे, ती मी फार आशेने वाचली. अनुमती देणारा, कापणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा असे आठ जण. पाहणारा त्यात नाही! अनुमतीच्या कलमात मला कोणी ओढू पाहील. पण माझी अनुमती मागितली होती कोणी? उलट मुण्डकोपनिषदात तर एकाच झाडावरच्या दोन पक्ष्यांपैकी एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो, आणि थोरवी दुसऱ्याची. असा सुटलो म्हणून मी काही वर्षे निश्चिंत होतो. मग एका कीर्तनात द्रौपदीस्वयंवर ऐकले. कथेकऱ्यांचा अर्जुन माशाकडे पाहतच नाही, खालच्या पाण्यातले प्रतिबिंब पाहतो, आणि डोळा फुटतो तो वरच्या माशाचा. त्या रात्री मला झोप आली नाही.

म्हातारपणी आणखी एक वाचले. २००३ साली एडिंबरोजवळच्या शास्त्रज्ञांनी ट्राउट माशांच्या ओठांत आम्लाची सुई टोचली, तेव्हा मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासू लागले आणि कित्येक तास खाईनात. याला आपल्यासारखे दुःख म्हणावे की नाही यावर विद्वान अजून भांडतात. मला सिपनेचा खडक आठवला. पण खरे सांगायचे तर, मी बोट दाखवले नसते तर त्या म्हाताऱ्याच्या चुलीवर काय शिजले असते, हा प्रश्न मला तोवर एकदाही सुचला नव्हता. माझी सारी करुणा माशापाशी आणि माझ्यापाशी खर्ची पडली होती.

तर, फोन. पोराचे लक्ष लाकडी माशावर होते. डाव्या कोपऱ्यात हिरव्यातून एक काळी सावली निघाली आणि भोकाच्या कडेशी येऊन उभी राहिली. नुसते कल्ले हलत होते. तोंड उघडायला मला भरपूर वेळ होता. मग ती वळली आणि गेली.

पोरगा उजाडल्यापासून तीन तास बसला होता. पेटीत भरपूर जेवण होते, हे त्यानेच आधी दाखवले होते. उपाशी कोणी राहणार नव्हते.

"काहीच आलं नाही ना, आजोबा?"

"नाही रे," मी म्हणालो.

त्याने दोरी गुंडाळली, लाकडी मासा बाहीला पुसला आणि गारठलेल्या बोटांवर फुंकर घातली. "उद्या परत बसू या. तुम्ही सोबत असलात की बरं वाटतं."

मी हो म्हणालो.