सरावातील करुणा

वर्धेकाठच्या कौंडण्यपुरातील एखादी माउली कर्करोगावरील औषध घेते, तेव्हा तिचा हात परिचारिकेच्या हाती असतो. अशी काही औषधे शिरेबाहेर झिरपली तर मांस जाळतात. म्हणून अनुभवी परिचारिकांनीही पुतळ्याच्या हातावर सराव करावा. अमेरिकेतील हार्टफर्ड रुग्णालयात १९११ सालीच परिचारिकांच्या शिक्षणासाठी बाहुली आली होती.

परंतु "सिस्टर, मी बरी होईन ना?" या प्रश्नाचाही सराव होतो. एक सहकारी रुग्ण बनते, दुसरी उत्तर देते. मग ती करुणा नाटकी ठरत नाही काय? आम्हांस तसे वाटत नाही. जपमाळेतील तेच शब्द आपण रोज म्हणतो. म्हणून ते खोटे होत नाहीत. पुतळ्याला वेदना नाही. आपली पहिली चूक त्याच्या वाट्याला जावी, माउलीच्या नव्हे. असा सराव हीदेखील प्रीतीच होय.