नावाड्याची उतराई



मराठीत 'उतराई होणे' म्हणजे उपकाराची फेड करणे. तुलसीदासांच्या अवधीत मात्र उतराई म्हणजे नावेचे भाडे. रामचरितमानसातील केवटाने गंगापार उतरविल्यावर सीतामाईची मुद्रिका स्वीकारली नाही, म्हणून कीर्तनकार त्याची निरिच्छता गातात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच प्रसंगी, नावाड्यास आपण काही दिले नाही म्हणून श्रीराम संकोचले, याकडे आमचे लक्ष क्वचितच जाते. मोबदला सोडावा तो केवटाने. प्रवाशाने ते गृहीत धरू नये.

शास्त्रानेही ही गोष्ट भक्तिभावावर सोडलेली नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तरीचे दर बांधले आहेत: गाडीस एक पण, माणसाच्या ओझ्यास अर्धा, रिकाम्या हाताच्या पुरुषास पणाचा अष्टमांश. संन्याशास व गर्भवतीस माफी. नावाड्यांच्या चुकीने माल नासला तर त्या सर्वांनी मिळून तो भरून द्यावा. दैवी आपत्तीत मात्र त्यांस दंड नाही.

हे शेवटचे तत्त्व समुद्रापलीकडे फार उशिरा पोहोचले. इंग्लंडच्या जुन्या सागरी न्यायात मालाचे भाडे हाती आले तरच वेतन मिळे. गलबत बुडाले की वाचलेल्या खलाशाचे श्रमही बुडत. आपल्या देशात १९५८ च्या कायद्याने वेतनाचा हक्क भाड्यापासून वेगळा केला. पुढे २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करार भारताने २०१५ साली स्वीकारला. त्यानुसार वेतन महिन्याच्या महिन्यास मिळाले पाहिजे. दोन महिन्यांचे थकले तर मालकाने खलाशास वाऱ्यावर सोडले असे धरतात, आणि चार महिन्यांपर्यंतच्या थकबाकीची हमी विमा वा तत्सम तारणातून द्यावी लागते. २०२५ साली कुशल खलाशाचे किमान मूळ वेतन दरमहा ६७३ डॉलर ठरले होते.

आमच्या गोमंतकातील कितीतरी घरे तारवट्यांच्या पैशावर उभी राहिली. तरीही 'बोललास तर पुढचे जहाज मिळणार नाही' असे मुलास सांगणारे वडीलधारे आमच्यातच आहेत. दलालाची भरती करण्यासाठी घरातले सोने सावकाराकडे जाते, तेही आम्ही पाहतो. सीतामाईने मुद्रिका काढली ती नावाड्यास देण्यासाठी. येथे नावाड्याच्या आईच्याच बांगड्या गहाण पडतात! नोकरी मिळवून देण्याबद्दल खलाशाकडून शुल्क घेण्यास तोच करार मनाई करतो.

मुलगा जहाजावर जाण्यापूर्वी त्याच्या करारपत्राची एक प्रत देवघराच्या कपाटात ठेवावी. वेतनाचा हिशेब त्यास दरमहा लेखी मिळावयाचा असतो. तो घरी मागवावा, आणि पैसे कमी आले तर मुलास दोष देण्यापूर्वी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावेत.