रविवार कुणाचा?

सुरतेत रविवार म्हणजे पोटाचा वार. रिंगरोडचा कापड बाजार बंद, पुरुष घरी, आणि संध्याकाळी डुमस रोडला अर्धं शहर खायला बाहेर पडलेलं. सुरतचं जेवण आणि काशीचं मरण, ही म्हण इथे रविवारीच खरी पटते. अशा गावात एखादी बाई म्हणाली, की शनिवार-रविवार मी संघाकडून बुद्धिबळाचे सामने खेळायला जाणार, तर पहिला प्रश्न येतो, ‘मग घरचं काय?’ आणि दुसरा, ‘त्यातून मिळतं काय?’ मैत्रिणींनो, या प्रश्नांत नुसता टोमणा नसतो, हिशेबही असतो. म्हणून तो नीट मांडावा असं मला वाटलं.

बुद्धिबळ हा एकट्याचा खेळ, असं आपण धरून चालतो. परदेशात मात्र तो संघाने खेळायची जुनी रीत आहे. जर्मनीत बुंदेसलीगा आहे, इंग्लंडमध्ये 1993 पासून शनिवार-रविवारी भरणारी लीग आहे. एका संघात आठ जण, आठ पट, आणि आठांच्या गुणांची बेरीज म्हणजे संघाचा निकाल. वरच्या दर्जाला मोठमोठे ग्रँडमास्टर खेळतात. खालच्या गटांत शिक्षक, कारकून, निवृत्त माणसं स्वतःचं भाडं भरून जातात, चार-पाच तास एका डावावर बसतात, हरतात आणि रात्री उशिरा घरी येतात. आपला विश्वनाथन आनंद 2020 मध्ये याच बुंदेसलीगासाठी जर्मनीला गेला आणि कोरोनामुळे विमानं बंद झाली, तो मेअखेरीस भारतात परतला. त्याच्यासारख्याची ही गत, तर बाकीच्यांच्या रविवारांची काय कथा!

माझं माहेर सांगलीचं. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांच्यामुळे तिथे पट मांडून बसलेल्या मुलीचं कुणाला नवल वाटत नसे. भाग्यश्री साठे, म्हणजे पुढच्या भाग्यश्री ठिपसे, पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या झाल्या त्या याच गावच्या. मुंबईत खाडिलकरांच्या तीन बहिणी, वासंती, जयश्री आणि रोहिणी, 1974 पासून जवळजवळ दहा वर्षं राष्ट्रीय विजेतेपद घरातच फिरवत होत्या. त्यांचं घर हाच संघ होता म्हणा ना. पण लग्नानंतर घर बदलतं, आणि नव्या घरात संघ आपला आपण शोधावा लागतो.

आमच्या ओळखीतली एक सून आहे, चाळिशीची. ती ऑफिसच्या संघातून चौथ्या पटावर खेळते. घरात चौविहार पाळतात. दुपारी दोनला सुरू झालेला डाव थंडीच्या दिवसांत सूर्यास्तापर्यंत रेंगाळतो. मग ती स्वतःचं घड्याळ चालू असताना उठते, बाहेर जाऊन दोन खाखरे खाते, पाणी पिते आणि परत येऊन बसते. आठ-दहा मिनिटं जातात. ती मिनिटं तिची एकटीची नसतात, संघाची असतात. सोबतच्यांना हे माहीत आहे आणि कुणी काही बोलत नाही. मला वाटतं, नियम पाळण्याची किंमत स्वतः मोजणं सोपं असतं. आपल्या नियमाची किंमत दुसरे मोजत असतील, तर ती त्यांनी न सांगता मोजावी, हे भाग्य लागतं.

आणि इथेच संघाचा खेळ वेगळा होतो. एकदा तिच्याकडे एक प्यादं जास्त होतं, डाव हातात होता. बाकीचे पट संपले होते आणि संघाला सामना जिंकायला फक्त अर्धा गुण हवा होता. समोरच्याने बरोबरी देऊ केली. कर्णधाराला अशा वेळी बरोबरी घे किंवा घेऊ नको, एवढंच सांगता येतं, पटावर काय चाललंय त्याबद्दल अक्षर काढता येत नाही. त्याने ‘घे’ म्हटलं. तिने घेतली. नंतर मला म्हणाली, ‘काकू, मी जिंकले असते हो!’ तिच्या आवाजात राग होता आणि समाधानही होतं. आपल्याकडे क्रोध आणि मान हे कषाय म्हणून लहानपणापासून शिकवतात. प्रवचनात ते समजतात खरे, पण जिंकता आलेला डाव दुसऱ्यांसाठी सोडून देताना मान म्हणजे काय ते हाताला लागतं.

उलटही होतं. 2024 च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये हरिका द्रोणवल्लीला पहिल्या पटावर फारसं यश येत नव्हतं. नागपूरची दिव्या देशमुख तिसऱ्या आणि वंतिका अगरवाल चौथ्या पटावर गुण आणत होत्या. दोघींना पटाची वैयक्तिक सुवर्णपदकंही मिळाली. शेवटच्या फेरीत अझरबैजानविरुद्ध हरिकाने आपला डाव जिंकला, भारत साडेतीन-अर्धा जिंकला आणि सोनं पाचही जणींच्या गळ्यात आलं, राखीव म्हणून गेलेल्या तानिया सचदेवच्याही. इतके दिवस इतरांनी आपला भार वाहिला, हे डोळ्यांसमोर असताना रोज पटावर जाऊन बसणं मला जिंकण्यापेक्षा अवघड वाटतं.

याच हरिकाने 2022 मध्ये चेन्नईला नववा महिना चालू असताना ऑलिंपियाड खेळलं. भारतीय महिलांना कांस्य मिळालं, त्या संघात गोव्याची भक्ती कुलकर्णीही होती. तेव्हा सगळ्यांनी ‘त्याग, त्याग’ म्हटलं. मला तो शब्द खटकला. तेराव्या वर्षापासून ती भारताच्या संघात होती आणि संघाच्या पदकाची अठरा वर्षं वाट पाहत होती. तिला खेळायचं होतं! बाईला काही हवं असलं की त्याला त्यागाचं वस्त्र का नेसवावं लागतं?

आता खर्चाची बाजू. ती सून रविवारी जाते तेव्हा पोळ्या सासूबाई करतात. म्हणजे किंमत मोजते एक आणि खेळते दुसरी. हा आक्षेप मला खरा वाटतो. आपला आनंद दुसरीच्या कंबरदुखीवर उभा असेल, तर तो निर्मळ नाही. पण मग हाच हिशेब पुरुषांच्या रविवारच्या क्रिकेटला लावायला नको? आणि महिला मंडळाची बस यात्रेला निघते तेव्हा दोन दिवस स्वयंपाक कोण करतं, हे आपण विचारत नाही. कारण ते पुण्य घरादाराला लागतं, अशी आपली समजूत. बुद्धिबळाचा अर्धा गुण घरात कुणाला लागत नाही, म्हणून तो उधळपट्टी ठरतो.

मला विचाराल तर, ‘मुलांना वळण लागतं’, ‘डोकं तल्लख राहतं’ अशी कारणं देऊ नयेत. ती खरी असतील, पण खेळायला आपण त्यासाठी जात नाही. नात्यागोत्याच्या बाहेरचे तीन-चार लोक शनिवारी रात्री फोन करून विचारतात, ‘उद्या येताय ना, तुमच्याशिवाय चौथा पट रिकामा राहील’, त्यासाठी जातो. पन्नाशीला आल्यावर मला कळतं, की घरात आपली गरज सगळ्यांना असते, पण ती आपल्या हातांची असते. आपल्या डोक्यावर विसंबून कुणी बसलंय, ही गोष्ट फार बायकांच्या वाट्याला येत नाही. ते हवं असेल तर सरळ मागावं आणि बदल्यात काय देणार तेही सांगावं.

त्या घरात आता महिन्यातले दोन रविवार सुनेचे ठरलेत. सासूबाईंनीही एक मागून घेतला. त्या मैत्रिणींबरोबर महुव्याला विघ्नहर पार्श्वनाथाच्या दर्शनाला जातात, सकाळी निघून संध्याकाळी परत. त्या दिवशी पोळ्या कोण करतं, हे मी विचारलं नाही. खमण आणत असतील.