कोणी कोणाकडे पाहायचं

मान फिरवणारा, हवं तिथे झूम करणारा कॅमेरा एका चेहऱ्यावर रोखला की उरलेला फलाट त्याला दिसेनासा होतो. नीट पाहायचं तर थोडंच पाहावं लागतं. त्यामुळे माणसं अनेक, तीही चालती, आणि कॅमेरे मोजके असले की सगळं वाटणीवर येऊन ठेपतं: कोणी कोणाकडे पाहायचं?

दोनच कॅमेरे आणि दोनच माणसं घेऊ. पहिल्या कॅमेऱ्याला एका माणसाकडे वळायला 10 अंश फिरावं लागतं, दुसऱ्याकडे 20. दुसऱ्या कॅमेऱ्याला हेच आकडे 15 आणि 90. पहिल्याने आपला सोयीचा, 10 अंशांवरचा माणूस उचलला की दुसऱ्याच्या वाट्याला 90 येतात. एवढी मान फिरेपर्यंत माणूस जिना उतरून गेलेला! पहिल्याने जरा गैरसोय सोसून 20 अंश घेतले असते, तर दोघांचं मिळून 35 मध्ये भागलं असतं. आता मात्र 100 झाले. दहा कॅमेरे आणि दहा माणसं झाली की वाटणीचे पर्याय होतात 36,28,800. शिवाय माणसं थांबत नाहीत, म्हणून हिशेब पुन्हापुन्हा मांडायचा.

एकेक पर्याय न तपासता उत्तम वाटणी काढण्याची रीत अमेरिकी गणितज्ञ हॅरल्ड कून यांनी 1955 मध्ये मांडली. तिचा पाया हंगेरीचे गणितज्ञ एगरवारी यांच्या 1931 च्या लेखात होता; तो हंगेरियन लेख कून शब्दकोश आणि व्याकरण शेजारी ठेवून वाचत बसले होते. म्हणून तिचं नाव हंगेरियन पद्धत. जर्मन गणितज्ञ याकोबींनी एकोणिसाव्या शतकातच हा प्रश्न सोडवून लॅटिनमध्ये लिहून ठेवलं होतं, हे फार उशिरा लक्षात आलं.

माणसं कॅमेऱ्यांहून जास्त असली, आणि आपल्याकडे ती असतातच, की कोणाला तरी सोडावं लागतं. मग प्रत्येकाला वजन द्यायचं. बराच वेळ एका जागी उभा, वजन जास्त. पळतोय, जास्त. सामान ठेवून लांब गेला, आणखी जास्त. आता फलाटावर दिवसभर उभा कोण असतो? चहावाला. सामानापासून लांब जाणारा? बायकामुलांना बाकावर बसवून चौकशीच्या खिडकीकडे गेलेला परगावचा प्रवासी. पळणारे तर लोकल पकडणारे आपण सगळेच. दिलेल्या वजनांवर गणित चोख वाटणी करून देतं. वजनं मात्र कोणीतरी टेबलाशी बसून आधीच भरलेली असतात आणि त्याला कोण संशयास्पद वाटतं, तेही त्यांतच उतरतं.

अशी पाळत खासगीपणाला भिडते, आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 2017 मध्ये एकमताने सांगितलं आहे. शहरात कॅमेरे किती बसले, हे उद्घाटनाच्या भाषणात कळतंच. कोणाला किती वजन द्यायचं हे कोणी ठरवलं, तेही एकदा विचारा, लेखी विचारा.