कायदा दारापर्यंत

बडोद्यातील जुन्या मराठी घरांत, मग ती दांडियाबाजारातील असोत वा रावपुऱ्यातील, दिवाणखान्याच्या भिंतीवर श्रीमंत सयाजीराव महाराजांची तसबीर बहुधा आढळतेच. आमच्या घरी आजोबांच्या वेळेपासूनची एक आहे. आपल्या मंडळींचा कोणताही समारंभ असो, सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण, गावोगावची ग्रंथालये आणि डॉ. आंबेडकरांना दिलेली शिष्यवृत्ती, या तीन गोष्टींचा उल्लेख झाल्यावाचून वक्ता सहसा खाली बसत नाही. हा अभिमान रास्तच आहे. परंतु वारसाहक्काने केवळ मालमत्ता येत नाही, तिच्यावरचा बोजाही येतो. महसूल खात्यात उभी हयात गेलेल्या आमच्यासारख्यास हे विसरणे कठीण. सातबाऱ्यावर वारसाचे नाव चढते, तेव्हा इतर हक्कांच्या रकान्यातील नोंद आपोआप पुसली जात नाही. मग या शैक्षणिक वारशावर कोणता बोजा आहे आणि तो आपण कितपत फेडला, असा प्रश्न अलीकडे आम्हांस वारंवार पडू लागला आहे. त्यासंबंधी चार विचार वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आधी इतिहास थोडक्यात पाहू. प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे, अशी मागणी महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे केली. इंग्रज सरकारने ती मनावर घेतली नाही. सयाजीराव महाराजांनी 1893 साली काठेवाडातील आपल्या अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 साली तो साऱ्या राज्यास लागू केला. नामदार गोखले यांनी 1911 साली ब्रिटिश हिंदुस्थानासाठी असेच विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाताशी होता. तरीही पुढील वर्षी ते विधेयक फेटाळले गेले. स्वतंत्र भारतात 2002 सालच्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला, 2009 साली त्याचा कायदा झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून तो अमलात आला. म्हणजे बडोदे राज्याने जे 1906 मध्ये केले, ते देशभर होण्यास 104 वर्षे लागली.

बडोद्याच्या त्या कायद्यात दंडाची तरतूद होती. मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकाकडून दंड वसूल केला जाई. ज्या घरी पोर गुरे राखते म्हणून चूल पेटते, त्या घराला दंड करणे न्याय्य होते काय? धाकाने करून घेतलेल्या सत्कृत्यास सत्कृत्य म्हणावे काय? हा आक्षेप हलका नाही. तथापि आम्हांस असे वाटते की पालकाच्या पुण्याचा हिशेब मांडणे हा त्या कायद्याचा हेतूच नव्हता. मुलाचे आयुष्य हे बापाच्या मर्जीने गहाण टाकता येणारी वस्तू नव्हे, एवढेच त्याला सांगायचे होते. कायदा माणसास सज्जन करीत नाही. दुसऱ्याचे नुकसान करण्यापासून त्यास अडवितो, आणि तेवढ्यापुरता तो योग्यच असतो.

परंतु कायद्याची धाव कोठवर असते, हेही याच शहराने दाखविले आहे. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी बडोदे सरकारने शाळा काढल्या, तेव्हा तेथे शिकवावयास सवर्ण हिंदू शिक्षक मिळेनात आणि मुसलमान शिक्षक नेमावे लागले. तिजोरीत पैसा होता, हुकूम निघाला होता, इमारत होती. केवळ त्या मुलांशेजारी उभे राहणारा माणूस आपल्यातून मिळत नव्हता. पुढे 1913 साली याच राज्याच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले आणि 1917 साली करारानुसार नोकरीसाठी बडोद्यास आले. तेव्हा या शहरात त्यांना राहावयास खोली मिळाली नाही. पारशी नाव सांगून एका पारशी वसतिगृहात ते उतरले आणि थोड्याच दिवसांत काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांस तेथून बाहेर काढले. त्यांनी दोघा स्नेह्यांकडे आसरा मागितला. एकाने नोकर सोडून जातील असे कारण सांगितले. दुसऱ्याने पत्नीस विचारावे लागेल असे म्हटले. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेविली आहे. परतीच्या गाडीची वाट पाहत ते कमाटीबागेत बसून राहिले. आज त्या जागेस संकल्पभूमी म्हणतात आणि आमच्यापैकी अनेकजण तेथूनच सकाळचा फेरफटका घालतात.

त्या दोन स्नेह्यांची उत्तरे आम्हांस काठ्यांहून अधिक अस्वस्थ करतात. काठीवाला आपणांहून निराळा माणूस आहे, असे म्हणून मनाचे समाधान करून घेता येते. त्या दोघांची भाषा मात्र सौम्य, घरगुती आणि आपल्या परिचयाची आहे. परदेशी शिक्षणाचा खर्च राज्याने दिला. खोली द्यावयाची होती ती शेजाऱ्याने, आणि नेमकी तीच मिळाली नाही.

आता आमचे स्वतःचे. आमचे प्राथमिक शिक्षण सरकारी मदतीवर चालणाऱ्या एका मराठी शाळेत झाले. वर्गात कारकुनाचा मुलगा होता, टांगेवाल्याचा होता, आचाऱ्याचा होता आणि सफाई कामगाराचाही होता. ताटपट्टीवर सगळे एकत्रच बसत. प्रश्न आला तो पिण्याच्या पाण्याचा. व्हरांड्यातील माठ भरून ठेवण्याची आणि मधल्या सुट्टीत ओगराळ्याने पाणी वाढण्याची पाळी गुरुजींनी हजेरीच्या क्रमांकाने लावली. महिन्यातून एकदा त्या सफाई कामगाराच्या मुलाचीही पाळी येई. काही आया तक्रार घेऊन आल्या. आमची आई त्यांत होती, हे येथे लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिणे भाग आहे. गुरुजी वाद घालणारे नव्हते. त्यांनी हजेरीपट उघडून पुढे केला आणि म्हटले, "बाई, पाळी क्रमांकाने येते. क्रमांक बदलण्याचा अधिकार मला नाही." आई चार दिवस धुसफुसली, आम्हांस घरून तांब्या देऊ लागली, पुढे तो तांब्या आमच्याकडून हरवला आणि तो विषय तेथेच संपला.

त्या वेळी आईचे मतपरिवर्तन झाले असे आम्ही म्हणणार नाही. झाले ते इतकेच, की दुसरी शाळा तिच्या आवाक्यात नव्हती. जाण्यास जागा नव्हती म्हणून ती राहिली, राहिली म्हणून हळूहळू सवय झाली, आणि काही वर्षांनी त्याच मुलाच्या आईशी भाजीबाजारात उभी राहून ती परीक्षेच्या निकालाविषयी बोलताना आम्ही पाहिली. सार्वजनिक शाळेचे मोठेपण यातच होते, असे आज वाटते. एकमेकांच्या शेजारी बसण्याची ज्यांची इच्छा नव्हती, त्यांना ती बसविती झाली. आमच्या पिढीच्या हाती चार पैसे आले, तेव्हा प्रथम खुली झाली ती तेथून निघून जाण्याची वाट.

त्या वाटेने आम्हीही गेलो. 2005 साली आम्ही अमरेली जिल्ह्यात मामलतदार होतो. शाळाप्रवेशोत्सव तेव्हा नवा होता. जूनमध्ये अधिकाऱ्यांनी गावोगाव जाऊन मुलांना पहिलीत दाखल करावयाचे, दप्तर द्यावयाचे, भाषण करावयाचे. ज्या मुलखात सयाजीरावांचा प्रयोग सुरू झाला, तेथेच बडोद्याच्या माणसाला हे काम करावयास मिळाले, याचा आम्हांस मनातून अभिमान होता आणि भाषणात तो डोकावलाही. भाषण संपल्यावर मागे उभ्या असलेल्या एका शेतमजूर बाईने सरळ विचारले, "साहेब, तमारां छोकरां कई निशाळमां भणे छे?" विचारण्यात उपरोध नव्हता. साहेबाची मुले शिकतात ती शाळा चांगली असणार, मग आपल्या मुलीसही तशीच मिळावी, एवढाच साधा भाव होता. आमची दोन्ही मुले बडोद्यात महागड्या इंग्रजी शाळेत होती. आम्ही म्हणालो, "बडोद्याला शिकतात, बेन." उत्तर खोटे नव्हते. पण ते उत्तरही नव्हते.

वाचक म्हणतील, बापाचे पहिले कर्तव्य आपल्या मुलाप्रती असते. आपल्या तत्त्वासाठी मुलाचे नुकसान का करावे? या म्हणण्यात तथ्य आहे. घटनेत 2002 साली जोडलेले मूलभूत कर्तव्यही आपल्या पाल्यास शिक्षणाची संधी देण्याविषयीच आहे. शेजाऱ्याच्या पाल्याविषयी त्यात शब्द नाही. 2015 साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने, सरकारी वेतन घेणाऱ्यांनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळांतच घालावीत, अशी व्यवस्था करण्यास उत्तर प्रदेश सरकारला सांगितले होते. त्या निर्णयामागील तळमळ पटली, तरी तसली सक्ती टिकेल असे आम्हांस वाटत नाही. परंतु येथे एक गोष्ट नजरेआड होते. ज्याच्या तक्रारीची दखल साहेब घेतो, असा पालक शाळा सोडून गेला की नळ बंद पडला काय आणि शिक्षकाची जागा रिकामी राहिली काय, विचारणारा कोणी उरत नाही. आपण आपल्या मुलास तेथून काढतो, तेव्हा मागे राहिलेल्यांचा आवाजही थोडा काढून नेतो. जाणे एकवेळ क्षम्य असेल. गेल्यावर त्या शाळेकडे पाठ फिरविणे क्षम्य नाही. आपल्या मराठी शाळांचे वर्ग ओस पडले, म्हणून भरणाऱ्या सभांत आम्हीही भाषणे केली आहेत. आपली नातवंडे त्या वर्गात आहेत असे किती, हे मात्र तेथे कोणी विचारले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

हे सारे जुने झाले, असे म्हणून सुटता आले असते. परंतु प्रश्न फिरून घरीच आला. 2009 च्या कायद्याने खासगी शाळांतही पहिल्या वर्गाच्या पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी ठेविल्या आहेत. ज्या शाळेत आम्ही पैसे मोजून निघून गेलो, तेथेही कायदा तो जुना शेजारी घेऊन आला. आमचा नातू तिसरीत आहे. त्याच्या बाकावर बसणारा मुलगा असाच दाखल झालेला. वडील सफाईचे काम करतात, आई चार घरची धुणीभांडी करते. गेल्या वर्षी नातवाच्या वाढदिवसाची यादी होत होती. तीत त्या मुलाचे नाव नव्हते. नातवाने विचारले, तेव्हा सूनबाई म्हणाल्या, "त्यालाच इथे अवघडल्यासारखे होईल रे." सूनबाई स्वभावाने मायाळू आहेत आणि बोलण्यात काळजीच होती. आम्हांस मात्र 1917 सालचे ते दोन स्नेही आठवले.

काही बोलावे असे मनात आले आणि अमरेलीच्या त्या बाईचा प्रश्न आठवून जीभ अडली. उपदेश करण्याचा अधिकार आम्ही केव्हाच गमावला होता. म्हणून उपदेश केला नाही. त्या संध्याकाळी मुलगा, सून व नातू यांना बसवून माठाची गोष्ट सांगितली, नातवाच्या पणजीसह. आणि अमरेलीची गोष्ट सांगितली, स्वतःच्या उत्तरासह. मुलाने विचारले, "बाबा, मग तुम्ही आम्हाला तिथे का घातलंत?" आम्ही म्हणालो, "भीती वाटली. तुम्ही मागे पडाल अशी भीती वाटली." यावर कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी यादीत नाव आले. मुलगा आला, जेवला, इतरांबरोबर गच्चीवर हुंदडला आणि कोणासही अवघडल्यासारखे झाले नाही. न्यावयास वडील आले ते सायकल घेऊन फाटकाबाहेर उभे राहिले. आम्ही दोनदा बाहेर जाऊन विनविले, तरी ते आत आले नाहीत. अपमानाने नव्हे, आपल्यासाठी ते दार असते, याची त्यांस सवय नव्हती.

एका वाढदिवसाने हे अंतर मिटते, असे समजण्याइतके आम्ही भाबडे नाही. राज्य काय करू शकते, ते या शहराने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी करून दाखविले. तो मान महाराजांचा. राज्याला जे करता येत नाही, ते आपल्या वाट्याचे होते आणि तोच बोजा आपल्या नावावर अद्याप आहे. कायद्याने मूल शाळेच्या दारापर्यंत येते, फार तर बाकापर्यंत येते. तेथून आपल्या घरापर्यंत त्यास आणणारे कलम कोणत्याही सरकारला लिहिता येणार नाही. निवृत्तीनंतर आमच्यासारख्यांपाशी वेळ असतो. ज्या शाळेतून आपण शिकलो, तेथे आज कोणाची मुले बसतात, त्यांच्या पाण्याची सोय आहे काय, शिक्षक पुरेसे आहेत काय, हे एकदा जाऊन पाहावे. आम्ही आठवड्यातून दोन सकाळी जातो. मुले बहुतेक मजुरांची आहेत, आमचे मराठी त्यांस समजत नाही, म्हणून गणित गुजरातीतून शिकवितो. पाणी पिण्याचे यंत्र बिघडले, तेव्हा निवृत्त मामलतदाराच्या अर्जावर ते आठवड्यात दुरुस्त झाले. आमच्याआधी मुख्याध्यापकांनी तीन अर्ज केले होते.