मोजलं नाही म्हणजे शून्य नव्हे

जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ, खोडदला, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना; १४ मध्यभागी, उरलेल्या १६ आसपासच्या शिवारांत तीन भुजांवर पसरलेल्या. मोजमाप एकट्या अँटेनाचं नसतं, जोडीचं असतं. ३० अँटेनांच्या जोड्या होतात ४३५.

समजा, दुर्बीण एका ठिपक्यासारख्या स्रोताकडे रोखली आहे आणि प्रत्येक जोडी त्याची तीव्रता १ जान्स्की (रेडिओ तीव्रतेचं एकक) सांगते. त्या दिवशी एक अँटेना दुरुस्तीसाठी बंद आहे. तिच्या २९ जोड्या गेल्या. त्यांच्या जागी कुणी शून्य भरलं तर सरासरी ०.९३ येते. आकाशात काहीही न घडता स्रोत सात टक्क्यांनी मंदावला! गणित कुठेच अडत नाही, तक्रार करत नाही, आणि भीती त्याचीच वाटते.

कारण शून्य हेही उत्तर आहे. स्रोत पसरट असेल तर लांबच्या जोडीला त्याचा संकेत जवळपास शून्य मिळतो, आणि त्यावरून स्रोताचा आकार कळतो. ते शून्य कष्टाने मोजलेलं असतं. शून्याऐवजी उणे ९९९ लिहायची जुनी रीतही धोक्याचीच. तोही आकडाच, बेरजेत निमूट मिसळतो.

म्हणून रेडिओ खगोलशास्त्रात प्रत्येक मोजमापाशेजारी त्याचं वजन लिहितात. मोबाइल टॉवरच्या गोंगाटाने बिघडलेल्या नोंदीचं वजन शून्य किंवा उणे करतात. आकडा तिथेच राहतो, हिशेबातून मात्र बाहेर पडतो. वरच्या उदाहरणात उरलेल्या ४०६ जोड्यांची बेरीज ४०६नेच भागली जाते आणि उत्तर पुन्हा १ येतं.

प्रोग्रॅमिंगच्या भाषांना हे उमगायला वेळ लागला. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेत ‘नल’, म्हणजे ‘इथे काहीच नाही’ ही खूण, आणला आणि २००९ मध्ये त्यालाच आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. फ्लोटिंग-पॉइंट आकड्यांसाठी १९८५ च्या मानकात ‘नॅन’, म्हणजे ‘हा आकडाच नव्हे’ ही खूण, आला. तो बेरजेत शिरला की अख्खी बेरीज नॅन होते. हा उपद्रव नव्हे, प्रामाणिकपणा आहे. रस्टसारखी भाषा आणखी पुढे जाते: मूल्य नसण्याची शक्यता तिथे ‘ऑप्शन’ या प्रकारातच लिहिलेली असते, आणि नसेल तर काय करायचं हे सांगितल्याशिवाय आतला आकडा हाती लागत नाही. मला ही सक्ती फार मोलाची वाटते.

तरीही शून्य मागच्या दाराने येतं. पायथॉनच्या नमपाय या लायब्ररीतला ‘नॅनसम’ रिकाम्या जागा वगळून बेरीज करतो. पण सगळ्याच जागा रिकाम्या असल्या तर शून्य देतो. अख्खी रात्र वाया गेली तरी शून्य! पांडाज या पायथॉनच्याच दुसऱ्या लायब्ररीत त्यासाठी ‘मिन काउंट’ची अट घालता येते: इतकी खरी मोजमापं नसतील तर उत्तरही रिकामंच ठेव. ४३५ पैकी किती पुरेशी, हे भाषेला ठाऊक नसतं. ते निरीक्षण करणाऱ्यालाच ठरवावं लागतं, आणि तेही आकडे पाहण्याआधी.